सदाफुलीची २५ पानं

सदाफुली आपल्यापैकी बहुतेकांच्या अंगणात, नाहीतर बाल्कनीतल्या कुंडीत असतेच. पाणी घाला, विसरा, ती फुलत राहते. आणि "साखरेवर रोज सकाळी चार पानं चावा" हा सल्लाही आपण ऐकलेला असतो. तो सल्ला प्रयोगशाळेत पोचला तेव्हा काय झालं, ते आज पाहू.

झाड मूळचं मादागास्करचं. पुढे सगळ्या उष्ण प्रदेशांत पसरलं. जमैकात त्याच्या पानांचा काढा मधुमेहावर घेत. १९५२ साली तिथल्या एका रुग्णाने कॅनडातल्या डॉ. क्लार्क नोबल यांना पाकिटातून २५ पानं पाठवली. (हे तेच नोबल, जे १९२१ मध्ये नाणेफेक हरले आणि बँटिंग यांच्याबरोबर इन्सुलिनवर काम करायची संधी चार्ल्स बेस्ट यांना मिळाली.) त्यांनी ती पानं भावाकडे, संशोधक रॉबर्ट नोबल यांच्याकडे दिली.

रॉबर्ट यांनी उंदरांना अर्क पाजला. साखर जागची हलली नाही. टोचून पाहिला, तर उंदीर काही दिवसांतच जंतुसंसर्गाने दगावले. इथे एखाद्याने वही मिटली असती! त्यांनी रक्त तपासलं. पांढऱ्या पेशी झपाट्याने घटल्या होत्या, अस्थिमज्जेचं कामच मंदावलं होतं. मग विचार उलटा फिरला: ज्या आजारात या पेशी बेसुमार वाढतात, त्या रक्ताच्या कर्करोगावर हे चालेल का?

रसायनतज्ज्ञ चार्ल्स बिअर यांच्या मदतीने १९५८ पर्यंत व्हिन्ब्लास्टिन वेगळं झालं. अमेरिकेत एली लिली कंपनीही मधुमेहाच्याच शोधात या झाडाशी पोचली होती, व्हिन्क्रिस्टिन तिथलं. ते पेशीचं विभाजन थांबवतं, आणि लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावरच्या उपचारात आजही आहे.

पण प्रमाण पाहा. पानात ते इतकं थोडं की एक ग्रॅमसाठी शेकडो किलो वाळलेली पानं लागतात. रुग्णाला देतात ते मिलिग्रॅममध्ये मोजून, फक्त शिरेतून, रक्ताच्या तपासण्या करत. व्याख्यान संपल्यावर आम्हाला हमखास विचारतात, "मग पानं चावावीत का?" साखरेच्या गोळ्या सोडून तर अजिबात नको. कुंडीतल्या पानात काय किती आहे, हे कुणी मोजलेलं नसतं.

ही औषधं अजूनही बरीचशी शेतातल्या पानांतूनच येतात. तमिळनाडूच्या दक्षिणेकडच्या कोरडवाहू रानांत सदाफुलीचं पीक घेतात, आणि पानं पोत्यांत भरून परदेशी जातात.