घराचे लाकूड : निवड आणि निगा

इ. स. १७१६ च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांनी सिद्ध केलेल्या ‘आज्ञापत्रा’त दुर्ग आणि आरमार यांच्याबरोबर झाडांचाही विचार केलेला आढळतो. जहाजांसाठी साग किंवा त्यासारखे लाकूड लागल्यास ते सरकारच्या परवानगीने तोडावे, उणे पडल्यास परमुलखातून विकत आणावे; परंतु रयतेच्या आंब्याफणसांस हात लावू नये. एखादे झाड जीर्णच झाले असेल, तर धन्यास राजी करून, मोल देऊन मगच ते तोडावे, असा त्या आज्ञेचा आशय आहे. आज्ञा होती आरमारासाठी. पण घर बांधताना जुन्या माणसांनी मांडलेला हिशेबही याच जातीचा होता. काम पाहून लाकूड निवडावयाचे, आणि झाड वाढण्यास एक पिढी खर्ची पडते, हे विसरावयाचे नाही.

जुन्या घरात सर्वत्र एकच लाकूड क्वचितच दिसते. भार वाहणारे खांब आणि तुळया यांसाठी साग मिळाला तर उत्तमच. न मिळाल्यास कोकणात ऐन वापरीत. गोव्यात याच झाडाला माट्टी म्हणतात. दाराच्या चौकटी आणि फडताळे यांना फणस चाले. त्याचा ताजा पिवळा रंग वर्षानुवर्षे गडद होत जातो. शिसव जड, काळसर आणि सावकाश वाढणारा. म्हणून त्याचे मानाचे स्थान पलंग, पेट्या आणि खुर्च्या यांत. आंबा स्वस्त खरा. पण त्याला भुंगा लवकर लागतो, म्हणून तो खोकी आणि साध्या फळ्या यांपुरताच.

सागाला पहिला मान मिळाला तो केवळ दिसण्यामुळे नव्हे. त्याच्या गाभ्यात नैसर्गिक तेल असते. त्यामुळे वाळवी त्याच्या वाटेस सहसा जात नाही, आणि पावसाळ्यात फुगणे, उन्हाळ्यात आकसणे हेही त्यात कमी. माडीची तक्तपोशी आणि दारांच्या फळ्या वाकू नयेत, म्हणून हा गुण मोलाचा. मात्र गाभ्याभोवतीच्या फिकट लाकडाला हे संरक्षण नसते. म्हणूनच जाणता सुतार सागाच्या नावावर न भाळता फळीतला गाभा किती, हे आधी पाही. मुंबईच्या गोदीत १८१७ साली बांधलेले ‘ट्रिंकोमाली’ हे सागवानी जहाज इंग्लंडात हार्टलपूल येथे आजही पाण्यावर तरंगत आहे. सागाच्या टिकाऊपणाची याहून मोठी साक्ष कोणती हवी?

निवडीनंतर प्रश्न येई तो निगेचा. अळशीचे तेल हवेतील प्राणवायू शोषून घट्ट होते, म्हणून ते लाकडाला मुरवीत. खोबरेल तसे सुकत नाही आणि त्यावर धूळ बसते. काजूचे झाड पोर्तुगिजांनी आणल्यानंतर त्याच्या टरफलाचे काळे, दाहक तेल किनाऱ्यावर होड्यांना आणि वाशांना कामी आले. कपाटे आणि खुर्च्या यांसाठी लाख होती. पळस, बोर, कुसुम यांच्या फांद्यांवरील किड्यांपासून मिळणारी ही लाख स्पिरिटात विरघळवून कापडाच्या बोळ्याने पातळ थरांत चढवली की लाकडाच्या रेषा उजळून निघतात. मात्र ऊन भांडे अथवा पाणी यांचा पांढरा डाग तिच्यावर चटकन उमटतो. म्हणून जेथे पाय पडतात तेथे तेल आणि जेथे केवळ हात लागतो तेथे लाख, ही वाटणी शहाणपणाची. शिवाय दोन्हींची झीज घरच्या घरी भरून काढता येते.

एकोणिसाव्या शतकात हा हिशेब बिघडला. गोद्यांना साग हवा होता. १८५३ मध्ये मुंबई ते ठाणे आगगाडी धावू लागल्यावर रुळांखालच्या लाकडाचीही मागणी वाढत गेली. जंगले उघडी पडू लागल्याची चिंता सरकारलाही वाटू लागली होती, आणि १८४७ मध्येच मुंबई इलाख्यात डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांची वनसंरक्षक म्हणून नेमणूक झाली होती. साग महागला, तसे हलके लाकूड घेऊन त्यावर जाड रंग चढवण्याची चाल सोयीची ठरली. रंगाखाली लाकडाची जात झाकते. पण तिचे दोष जात नाहीत.

लाकडाला अग्नी हा मोठा शत्रू, हेही इतिहासच सांगतो. १७३२ मध्ये वास्तुशांत झालेल्या शनिवारवाड्याचा लाकडी डोलारा १८२८ च्या आगीत भस्म झाला. दगडी तट आणि दरवाजे उरले. इंदूरच्या सात मजली राजवाड्याचे खालचे तीन मजले दगडाचे, वरचे चार लाकडाचे. १९८४ च्या आगीत त्याचीही मोठी हानी झाली. नंतर तो पुन्हा उभारण्यात आला. परंतु जळालेल्या तुळयांमागची झाडांची वर्षे कोणालाही परत आणता आली नाहीत.

सागाचा चांगला गाभा तयार होण्यास पन्नास-साठ वर्षे सहज लागतात. आज जुने वाडे पाडले जातात, तेव्हा त्यांच्या तुळया पुष्कळदा मोडीच्या भावात जातात. खिळे काढून, रंधा मारून, तेल पाजून त्याच तुळईची नवी चौकट करता येते. तसे केले, तर एक उभे झाड वाचते, आणि आज्ञापत्रातील तो जुना विचार नव्या घराच्या उंबऱ्यापर्यंत येऊन पोहोचतो.