तिसऱ्या नंबरची गायिका

टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धा आपण सगळ्याच बघतो. कुणाचा सूर लागला, कुणाचा हुकला, यावर दुसऱ्या दिवशी नळावर चर्चा होते. अंतिम फेरी झाली की ट्रॉफी एकीच्या हातात जाते. बाकीच्यांचं पुढे काय होतं, ते कुणी विचारत नाही. आज बोलायचं आहे ते अशा स्पर्धेत तिसऱ्या आलेल्या एका मुलीबद्दल, आणि तिने नंतर जी गाणी रेकॉर्ड केली त्यांच्याबद्दल. ती आहे अमेरिकेतली, टेक्सस राज्यातल्या लिंडेल या लहानशा गावात वाढलेली. नाव मिरांडा लँबर्ट.

ती गाते त्या गाण्यांना तिकडे कंट्री म्हणतात. मूळ खेड्यापाड्यातलं, गिटार, फिडल आणि बँजोच्या साथीनं गायलं जाणारं संगीत. शेत, दारू, देव, मोडलेला संसार, सोडून आलेलं गाव, सगळं त्यात येतं. नॅशव्हिल हे शहर म्हणजे या संगीताची बाजारपेठ.

मिरांडाचा जन्म 1983 चा. वडील आधी पोलिसात होते. पुढे आई-वडील दोघं मिळून खाजगी गुप्तहेराचं काम करायचे. मध्यंतरी काम बसलं, घर गेलं, तेव्हा घरचा भाजीपाला आणि पाळलेली जनावरं यांच्यावर त्यांनी दिवस काढले. नवऱ्याच्या मारहाणीतून सुटून आलेल्या बाया आणि त्यांची मुलं त्यांच्या घरी आसऱ्याला असायची. जेवताना समोर बसलेल्या बाईचा चेहरा सुजलेला का, हे त्या पोरीला लहानपणीच कळलं. तिच्या गाण्यांचा राग कुठून येतो असं कुणी विचारलं, तर मी या घराकडे बोट दाखवीन.

सोळा-सतरा वर्षांची असताना ती नॅशव्हिलला रेकॉर्डिंगला गेली. तिथे तिच्यापुढे गुळगुळीत, पॉप ढंगाची गाणी ठेवली गेली. ती निराश होऊन घरी परतली आणि वडिलांना म्हणाली, मला गिटार शिकवा, माझी गाणी मीच लिहीन. मला स्पर्धेपेक्षा हा क्षण मोठा वाटतो.

स्पर्धा 2003 मध्ये आली, 'नॅशव्हिल स्टार'. त्या पहिल्या वर्षी बडी ज्युएल जिंकला आणि 19 वर्षांची मिरांडा तिसरी आली. तरी मोठ्या कंपनीनं तिच्याशी करार केला. 2005 मध्ये पहिला मोठा अल्बम निघाला, 'केरोसीन'. बारा गाणी, त्यातली अकरा तिने एकटीनं किंवा दुसऱ्या कुणाबरोबर लिहिलेली. एक तर वडिलांबरोबर बसून लिहिलं होतं. केरोसीन म्हणजे आपलं रॉकेल. आपल्याकडे बाई आणि रॉकेल हे शब्द जवळ आले की पोटात गोळा येतो. या गाण्यात मात्र फसवली गेलेली बाईच रॉकेल आणि काडी घेऊन निघते.

हा अल्बम कंट्री अल्बमांच्या यादीत थेट पहिल्या क्रमांकावर आला. पुढे त्याच्या दहा लाखांवर प्रती गेल्या. पण रेडिओवर? 'केरोसीन' हे गाणं 15 व्या क्रमांकाच्या वर चढलंच नाही. 2007 चा दुसरा अल्बम, 'क्रेझी एक्स-गर्लफ्रेंड', तोही पहिला. त्याच नावाचं गाणं रेडिओच्या यादीत 50 व्या क्रमांकावर अडकलं. दुकानात जाऊन पैसे मोजणारे लोक तिला घेत होते, आणि कोणतं गाणं वाजवायचं हे ठरवणारे तिला बाजूला ठेवत होते. रेडिओवर बोलणाऱ्या बाईला हे आकडे टोचतात.

त्या दुसऱ्या अल्बममधलं 'गनपावडर अँड लेड', म्हणजे बंदुकीची दारू आणि शिसं, हे तिचं पहिल्या दहात गेलेलं गाणं. मारहाण करणारा नवरा तुरुंगातून सुटून येतोय आणि बायको बंदूक भरून दारात बसली आहे, अशी त्याची गोष्ट. बंदूक हा उपाय नव्हे. आपल्याकडे 2005 चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा आहे, 181 ही हेल्पलाइन आहे, ती वापरा. पण दर वेळी रडणारी बाईच ऐकवली जाते, तिथे ही भीती झटकून बसलेली बाई ऐकायला बरं वाटतं हेही खरं.

राग हा तिचा एकच सूर नाही. 2010 मध्ये रेडिओवर पहिल्या क्रमांकावर गेलेलं तिचं पहिलं गाणं शांत आहे, 'द हाउस दॅट बिल्ट मी', मला घडवणारं घर. एक बाई लहानपणीच्या घरी परत येते. तिथे आता दुसरेच लोक राहतात. जरा आत येऊ का, एवढंच ती विचारते. आवडत्या कुत्र्याला पुरलं ते झाड अंगणात आहे. हे गाणं दोन पुरुषांनी लिहिलंय आणि आधी तिच्या त्या वेळच्या जोडीदाराला, गायक ब्लेक शेल्टनला, दिलं जायचं होतं. तिने गाडीत ऐकलं, रडली आणि मागून घेतलं. भावांनी विकलेल्या माहेरच्या घरासमोरून एसटीनं जाणाऱ्या बाईला त्याचा अर्थ वेगळा सांगावा लागणार नाही.

यानंतर 2010 ते 2015 सलग सहा वर्षं कंट्री म्युझिक असोसिएशननं तिला सर्वोत्तम गायिका ठरवलं. आणि त्याच 2015 मध्ये कीथ हिल नावाच्या रेडिओ सल्लागारानं केंद्रांना सांगितलं की बायकांची गाणी लागोपाठ लावू नका, श्रोते घटतील. पुरुष म्हणजे सॅलडमधला पाला, बायका म्हणजे वरचे टोमॅटो. मिरांडा उघडपणे भडकली. मार्टिना मॅकब्राइड या गायिकेनं तर 'टोमॅटो' छापलेले टी-शर्ट काढले.

त्याच वर्षी मिरांडाचा आणि शेल्टनचा घटस्फोट झाला. मुलाखती देत बसण्याऐवजी तिने 2016 मध्ये 24 गाण्यांचा दुहेरी अल्बम काढला, 'द वेट ऑफ दीज विंग्ज'. एका भागाचं नाव धीर, दुसऱ्याचं हृदय, अशा अर्थाची. माझ्या मते तिचं सगळ्यात चांगलं काम तेच. पुरस्कारही मिळाले. पण तिचं एकटीचं गाणं रेडिओवर पहिलं यायला 2020 उजाडलं. 2012 नंतर थेट तेव्हा, आठ वर्षांनी. मधल्या काळात ती पहिल्या क्रमांकावर दिसली ती दुसऱ्यांच्या गाण्यात पाहुणी म्हणून, जसं 2018 मध्ये जेसन अल्डीन या गायकाच्या गाण्यात.

2021 मध्ये तिने दोन मित्रांबरोबर टेक्ससच्या वाळवंटातल्या मार्फा या गावी रेकॉर्ड केलेला 'द मार्फा टेप्स' निघाला. स्टुडिओ नाही, वाद्यवृंद नाही, गिटार आणि दोन मायक्रोफोन. आपल्या केंद्रावर मध्येच कोंबडा आरवला तर आपण रेकॉर्डिंग पुन्हा सुरू करतो. त्या तिघांनी वारा, शेकोटीचं तडतडणं, गाणं संपल्यावरचं हसणं, सगळं तसंच राहू दिलं.