चार मिनिटांचा पूर्वपक्ष

आपल्याकडे शास्त्रार्थात आधी पूर्वपक्ष मांडायचा आणि मगच आपलं म्हणणं सांगायचं, ही जुनी शिस्त. प्रतिपक्षाची बाजू आपल्याच तोंडाने सांगितली की ऐकणाऱ्याच्या मनात काय होतं, हे अमेरिकी सैन्यात १९४५ साली चक्क मोजून पाहिलं गेलं.

जर्मनीचा पाडाव जवळ आला होता. आता जपान म्हणजे चार दिवसांचं काम, असं सैनिकांना वाटेल ही वरिष्ठांना धास्ती. येल विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ कार्ल हॉवलंड तेव्हा सैन्यासाठी संशोधन करत होते. त्यांच्या गटाने रेडिओच्या धर्तीवर दोन भाषणं तयार केली. निष्कर्ष एकच : जर्मनी पडल्यावरही जपानशी किमान दोन वर्षं लढावं लागेल. पहिल्यात फक्त अडचणी. लांबचं अंतर, जपानची अजून न भिडलेली फौज, तिथल्या लोकांची जिद्द. दुसऱ्यात तेच सगळं, शिवाय चारेक मिनिटं अमेरिकेच्या जमेच्या बाजू : आरमाराचे विजय, कारखान्यांची ताकद, आणि आता शत्रू एकच उरणार.

सरासरी काढली तर दोन्ही भाषणं सारखीच ठरली. पण ऐकणाऱ्यांचे गट पाडल्यावर फरक दिसला. युद्ध लांबेल असं ज्यांना आधीच वाटत होतं, त्यांच्यावर एकतर्फी भाषणाचा प्रभाव जास्त. उलट मताच्या सैनिकांवर, आणि हायस्कूल पूर्ण केलेल्यांवर, दुतर्फी भाषणाचा. विरोधी मताचा माणूस गप्प बसून ऐकत नाही हो, मनातल्या मनात "आणि आपलं आरमार?" असं विचारत असतो. वर्गावर उभं राहिलेल्या कुणालाही ही नजर ओळखता येईल!

सगळ्यात गंमत रशियाची. रशियाच्या संभाव्य मदतीचा उल्लेख दोन्ही भाषणांत नव्हता. ज्यांना ती मदत महत्त्वाची वाटत होती, त्यांना ही उणीव दुतर्फी भाषणातच जास्त खटकली. एकतर्फी बोलणाऱ्याकडून अपेक्षाच नसते; दोन्ही बाजू मांडणाऱ्याकडे लोक पुरा हिशेब मागतात.

असो. आणि तो दोन वर्षांचा अंदाज? ६ आणि ९ ऑगस्टला हिरोशिमा-नागासाकीवर अणुबॉम्ब पडले, मधल्या ८ तारखेला रशियाने जपानविरुद्ध युद्ध पुकारलं, आणि १५ ऑगस्टला जपानने शरणागती जाहीर केली. जर्मनी पडल्याला तेव्हा साडेतीन महिनेही झाले नव्हते.