कसा काय आहे पिक्चर?

आमच्या शाखेत सोमवारी सकाळी कामाला सुरुवात होते, असे आमच्या मॅनेजरसाहेबांचे मत आहे. वस्तुस्थिती निराळी आहे. सोमवारी सकाळी आमच्याकडे प्रथम ‘कसा काय आहे पिक्चर?’ होते, मग चहा होतो, आणि त्यातून वेळ उरलाच तर बँक होते.

रविवारी कुणी ना कुणी सिनेमा पाहिलेला असतोच. आमच्या रोखपालांकडे दोनच मते आहेत: ‘पैसे वसूल’ आणि ‘पैसे फुकट’. आयुष्यभर जमा आणि नावे यांखेरीज काही पाहिलेच नाही, तर तिसरे मत येणार कुठून? कर्ज विभागातल्या बाई कथेच्या वाटेला जात नाहीत. नायिकेच्या साडीचा काठ कुठला, इथून त्यांचे मत सुरू होते आणि तसली साडी दादरला कितीला मिळते, इथे संपते. आमचे ऑफिसर सिनेमा पाहतच नाहीत. पण ‘मूळ सिनेमा बघा, मग हा काहीच वाटणार नाही,’ असे ते प्रत्येक सिनेमाबद्दल म्हणतात. मूळ सिनेमाही त्यांनी पाहिलेला नसतो.

आणि मी म्हणतो, “संथ आहे.”

‘संथ आहे’ हे फार सोयीचे मत आहे हो! त्यात सिनेमा कळला असेही ध्वनित होते आणि आवडला नाही असेही. शिवाय त्यावर वाद घालता येत नाही. संथपणा काही तराजूत तोलून दाखवता येत नाही. गेली वीस वर्षे मी या एका शब्दावर रसिक म्हणून मिरवत आलो. पुढे या शब्दाने माझा घात केला. ती हकीकत शेवटी सांगतो. त्या घातानंतर ‘सिनेमा पाहून आलेल्या माणसाचे मत’ या विषयाचा इतिहास आपण तपासलाच पाहिजे, असे मला वाटू लागले. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. इतिहासाशी माझा संबंध शाळेतच संपला होता. पण जुनी खाती उकरून काढणे हा आमचा धंदाच आहे.

तर या खात्याची पहिली नोंद ७ जुलै १८९६ ची आहे. त्या दिवशी मुंबईत, वॉटसन हॉटेलात, ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे दाखवली गेली. तिकीट एक रुपया. दाखवले काय? तर आगगाडी स्टेशनात येते, लोक समुद्रात आंघोळ करतात, कारखाना सुटतो आणि कामगार बाहेर पडतात. कारखाना सुटलेला पाहायला एक रुपया! हेच दृश्य गिरणगावात रोज संध्याकाळी फुकट दिसत होते. आमचे रोखपाल तिथे असते तर ‘पैसे फुकट’ म्हणून मोकळे झाले असते, आणि भारतीय चित्रपटाचा कारभार पहिल्याच दिवशी आटोपला असता.

सुदैवाने तो खेळ हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर यांनी पाहिला. लोक त्यांना सावेदादा म्हणत. त्यांचा फोटोग्राफीचा व्यवसाय होता. त्यांनी चहा पिता पिता मत दिले नाही, विलायतेहून कॅमेरा मागवला. १८९९ साली हँगिंग गार्डनमध्ये त्यांनी एका कुस्तीचे चित्रण केले. १९०१ साली रँग्लर परांजपे केंब्रिज गाजवून मायदेशी परतले, तेव्हा त्यांच्या स्वागताचेही केले. सिनेमा पाहून आलेल्या मराठी माणसाचे हे बहुधा पहिले मत, आणि तेही रोख पैसे मोजून दिलेले.

दुसरे मत दादासाहेब फाळक्यांचे. १९१०-११ च्या सुमारास गिरगावातल्या एका तंबूवजा थिएटरात त्यांनी ख्रिस्ताच्या चरित्रावरचा चित्रपट पाहिला. पुढे १९१७ साली त्यांनी ‘नवयुग’ मासिकात ही हकीकत स्वतःच लिहिली. पडद्यावर ख्रिस्त हलत होता आणि फाळक्यांच्या डोळ्यांपुढे राम, कृष्ण, गोकुळ आणि अयोध्या उभी राहत होती. इथपर्यंतची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. मला महत्त्वाचे वाटते ते पुढचे. खेळ संपल्यावर त्यांनी आणखी एक तिकीट काढले आणि तोच सिनेमा पुन्हा पाहिला. आपले मत त्यांनी दुसऱ्यांदा तपासून घेतले! बँकेच्या भाषेत सांगायचे तर पहिली सही एकाची आणि दुसरी सही पडताळणाऱ्याची. इथे दोन्ही सह्या एकाच माणसाच्या होत्या, एवढाच काय तो फरक.

या मतावर त्यांनी आयुर्विम्याच्या पॉलिसीज गहाण टाकल्या, १९१२ साली ते लंडनला गेले, कॅमेरा आणला आणि ३ मे १९१३ रोजी कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. आमच्याकडे कुणी ‘सिनेमा काढायचा आहे, पॉलिसीवर कर्ज द्या’ म्हणून आला, तर आमच्या कर्ज विभागातल्या बाई त्याला प्रथम ‘घरी विचारलंत का?’ असे विचारतील. फाळक्यांनी घरी विचारले होते. सरस्वतीबाई नुसत्या हो म्हणून थांबल्या नाहीत. त्या फिल्मला भोके पाडायला बसल्या आणि शिवाय साऱ्या कंपनीचा स्वयंपाकही केला.

यानंतर सरकारलाच लोकांची मते हवीशी वाटली. १९२७ साली दिवाणबहादूर रंगाचारियर यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली गेली. तिने गावोगाव हिंडून ३५३ साक्षीदार तपासले. सिनेमाने माणसे बिघडतात की कसे, हा मुख्य मुद्दा. खुद्द फाळक्यांचीही साक्ष झाली. गांधीजींकडे प्रश्नावली गेली, तेव्हा त्यांनी कळवले की आपण सिनेमाला कधी गेलेलोच नाही, तेव्हा उत्तरे द्यायला आपण पात्र नाही. मात्र सिनेमाने चालवलेले नुकसान बाहेरच्या माणसालाही दिसते, हेही त्यांनी लिहिले. आमच्या ऑफिसरांना ही गोष्ट कळल्यापासून ते फार खुशीत आहेत. पण त्यांना मी आठवण करून देतो की गांधीजींनी ‘पाहिलेला नाही’ हे आधी सांगितले आणि मत मागाहून दिले. पुढे १९४४ साली, जुहूला विश्रांतीसाठी असताना, गांधीजींनी विजय भट्ट यांचा ‘रामराज्य’ पाहिलाही. आमचे ऑफिसर अजून तिथवर पोचलेले नाहीत.

आता १९५९ साल घ्या. त्या वर्षी अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ लागला आणि पुण्याच्या विजयानंद टॉकीजमध्ये १३१ आठवडे चालला. म्हणजे अडीच वर्षे! एखाद्याला पहिल्या आठवड्यात सिनेमा आवडला नाही, तर त्याचे लग्न होऊन, बायकोने तो पाहायचा हट्ट धरून, दुसऱ्यांदा जाऊन मत बदलेपर्यंत सिनेमा जागेवर होता. त्याच वर्षी गुरुदत्तचा ‘कागज के फूल’ आला. आपल्याकडचा पहिला सिनेमास्कोप चित्रपट. लोकांना रुचला नाही. झटपट उतरला. त्यानंतर गुरुदत्तने दिग्दर्शक म्हणून आपले नाव पुन्हा पडद्यावर लावले नाही. १९६४ साली तो गेला. आज तोच चित्रपट मोठमोठे जाणकार नावाजतात. लोकांचे मत बदलले, पण ते ऐकायला ज्याने असायला हवे होते तो राहिला नव्हता. १९५९ मधल्या कुठल्या कुठल्या कचेऱ्यांत सोमवारी सकाळी चहा पिता पिता कुणी कुणी ‘संथ आहे’ म्हटले असेल, हा विचार अलीकडे मला अधूनमधून सतावतो.

आमच्या घरात मात्र इतिहास निराळा घडला. १५ ऑगस्ट १९७५ ला ‘शोले’ लागला. वडील तेव्हा सडेफटिंग होते. पहिल्याच आठवड्यात मिनर्व्हाला जाऊन त्यांनी तो पाहिला आणि खोलीवर परत येऊन निकाल दिला, “पडणार. गब्बरचा आवाज फारच बारीक आहे. असल्या आवाजाच्या दरोडेखोराला कोण भिणार?” वडील एकटेच असे म्हणत होते असे नाही. धंद्यातल्या जाणत्या मंडळींनीही सुरुवातीला ‘शोले’ पडल्यातच जमा धरला होता. पण लोक पाहून येत, दुसऱ्याला सांगत, दुसरा तिसऱ्याला घेऊन जाई. ‘शोले’ मिनर्व्हात पाच वर्षे राहिला. तीन वर्षे रोजचे खेळ आणि पुढे मॅटिनी. त्या सालच्या फिल्मफेअर पारितोषिकांत त्याला एकच मिळाले, संकलनाचे, आणि तेही एम. एस. शिंदे या मराठी माणसाला. ‘शोले’ लांबला आहे म्हणणाऱ्यांना हे परस्पर उत्तर मिळाले!

१९७९ च्या अखेरीस वडिलांचे लग्न झाले. नव्या नवरीला सिनेमाला न्यायचे, तर मुंबईत त्यांना मिनर्व्हाची मॅटिनीच आठवली. आई सांगते, “मला गब्बर ऐकूच आला नाही. त्याच्या आधी हेच सगळे संवाद म्हणत होते. पुढच्या बाकावरचा माणूस दोनदा मागे वळून बघून गेला.” त्या दिवसापासून ‘शोले’ हा जगातला उत्तम चित्रपट असल्याचे आमच्या घरात ठरले. बारीक आवाजाबद्दल विचारले की वडील म्हणत, “मी कधी म्हणालो?”

मी यावर पुष्कळ हसलेलो आहे. आता हसत नाही. कारण वडिलांना मत बदलायला साडेचार वर्षे मिळाली. मला मिळाले तीन दिवस.

झाले काय, मार्च अखेरचा आठवडा होता. क्लोजिंगपायी रात्री अकरा अकरापर्यंत बँकेत बसत होतो. त्यातल्याच एका रविवारी सौभाग्यवतींनी एका नव्या मराठी सिनेमाची तिकिटे काढली. अंधार झाला, खुर्ची मऊ होती, आत गारवा होता. एक म्हातारी चुलीपुढे बसून काहीतरी म्हणाली, इथवर मला आठवते. मध्यंतरात मला बायकोने उठवले. उत्तरार्धात शेजारच्या गृहस्थांनी उठवले.

सोमवारी प्रश्न आला, “कसा काय आहे पिक्चर?”

“संथ आहे,” मी म्हणालो. आणि रंग भरावा म्हणून पुस्ती जोडली, “झोप येते.”

पलीकडे आमचे शिपाई तात्या कप विसळत होते. ते काही बोलले नाहीत. फक्त कपांचा आवाज थांबला.

दोन दिवसांनी कर्ज विभागातल्या बाईंनी मला बाजूला घेतले. “अहो, त्या सिनेमात तात्यांच्या पुतण्याचं काम होतं. पडद्यावर नाही, पडद्यामागे. ते स्वयंपाकघर त्याने उभं केलं. भिंतीवरची काजळीसुद्धा हाताने लावली म्हणे. तात्यांनी सगळ्या शाखेसाठी शनिवारची चौदा तिकिटं काढायचं ठरवलं होतं. तुमचं ऐकून लोक नको म्हणाले.”

मी त्याच संध्याकाळी थिएटरवर गेलो. तो सिनेमा सकाळी साडेनऊला एकच खेळ असा उरला होता. सकाळी साडेनऊला कोण जातो? ज्यांना जायचे असते ते तेव्हा लोकलमध्ये लोंबकळत असतात. शुक्रवारी रजा टाकून गेलो, तर गुरुवारी रात्रीच तो उतरवला होता. तिकीट खिडकीवरचा मुलगा म्हणाला, “काका, पब्लिकच नव्हतं.”

पब्लिक कुठून असणार? त्यातले चौदा तर मीच कमी केले होते. बँकेत चेक टाकला की तो वटेपर्यंत त्यावर पैसे देत नाहीत. मताचा चेक मात्र आम्ही सोमवारी सकाळी टाकतो आणि त्याच चहाबरोबर वटवून घेतो.

शनिवारी तात्यांना गाठून सांगून टाकले, “तात्या, सिनेमा संथ नव्हता. मीच झोपलो होतो.”

तात्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिले. “मग तसं सांगायचं ना, साहेब. दमलेल्या माणसाला झोप लागते, त्यात पिक्चरचं काय चुकलं?”

महिन्या-दोन महिन्यांनी तो सिनेमा मोबाइलवर आला. आता डब्याच्या सुटीत मी, तात्या आणि रोखपाल तो हप्त्याहप्त्याने पाहतो. रोज वीस मिनिटे. बाई मागे उभ्या राहून म्हातारीच्या लुगड्याबद्दल शेरे मारतात. पडदा वीतभर. पण काल ती भिंत दिसली. चुलीच्या वर काळी, कडेला तपकिरी, आणि जिथे तवा टांगायची खुंटी होती तिथे नेमकी तव्याएवढी जागा उजळ सोडलेली. आमच्या आजीच्या घरी अगदी अशीच भिंत होती. तात्यांनी चित्र थांबवून धरले. आम्ही कुणीच काही बोललो नाही.

घंटा झाली. तात्यांनी मोबाइल खिशात ठेवला आणि डबे उचलता उचलता, माझ्याकडे न बघता विचारले, “कसा काय वाटतोय, साहेब?”

“तात्या,” मी म्हणालो, “अजून चाळीस मिनिटं राहिली आहेत. पुरा होऊ द्या. मग पुन्हा एकदा पहिल्यापासून बघू, आणि मग सांगतो.”

तात्या हसले. रोखपाल म्हणाले, “पैसे वसूल.” तिकीट तर त्यांनी काढलेच नव्हते. पण म्हटले, जाऊ द्या, त्यांचे मत तरी आता बदलू नये.