नोंद नेमकी कुठे जाते? तक्ता, आज्ञावली आणि त्यांच्यामधील अंतराचा इतिहास

संकेतस्थळावरील अर्ज भरून ‘जतन करा’ हे बटण दाबले की क्षणार्धात नोंद झाल्याचा संदेश उमटतो. ती नोंद नेमकी कुठे झाली, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. आज्ञावली लिहिणाऱ्यालाही तो बहुधा पडत नाही, कारण वेब फ्रेमवर्कने त्याचे उत्तर आधीच ठरवून ठेवलेले असते. मात्र एखाद्या दिवशी तीच नोंद वेगळ्या तक्त्यात किंवा दुसऱ्याच डेटाबेसमध्ये ठेवण्याची वेळ येते, आणि एरवी दृष्टिआड राहणारी एक गोष्ट उघड होते: नोंद आणि नोंदीची जागा या दोन भिन्न बाबी आहेत. त्यांना एकमेकींपासून सोडवण्याचा प्रयत्न गेली पन्नासहून अधिक वर्षे चालू आहे. या प्रयत्नात भारतीय संशोधकांचा आणि भारतीय रेल्वेचाही वाटा आहे.

कागदाच्या काळात नोंद आणि जागा यांत भेद नव्हता. रेल्वेचे आरक्षण वहीत होत असे. एका गाडीची, एका तारखेची वही एका ठिकाणी असे आणि त्या वहीपर्यंत ज्याचा हात पोहोचे त्यालाच आसन देता येई. परतीच्या प्रवासाचे आरक्षण हवे असल्यास दुसऱ्या स्थानकाला तार पाठवून उत्तराची वाट पाहावी लागे. नोंद म्हणजे विशिष्ट वहीतील विशिष्ट ओळ, एवढाच तिचा अर्थ होता.

आरंभीच्या संगणकांनी वहीची जागा घेतली, पण ही समजूत तशीच राहू दिली. १९६०च्या दशकात अपोलो मोहिमेच्या अग्निबाणातील असंख्य सुट्या भागांचा हिशेब ठेवण्याच्या गरजेतून आयबीएमची ‘आयएमएस’ ही प्रणाली घडली. तीत माहिती झाडासारखी मांडलेली असे: मुळाशी मोठा भाग, त्याच्या फांद्यांवर त्याचे उपभाग. चार्ल्स बाखमन यांनी जनरल इलेक्ट्रिकमध्ये रचलेल्या ‘आयडीएस’ प्रणालीत झाडाऐवजी जाळे होते. दोन्हींत आज्ञावलीला माहितीपर्यंतची वाट ठाऊक असावी लागे. १९७३ साली ट्युरिंग पुरस्कार स्वीकारताना बाखमन यांनी आज्ञावलीकाराला नौकानयन करणाऱ्याची उपमा दिली. उपमा समर्पक होती आणि अडचणही तिच्यातच होती. माहितीची मांडणी बदलली की जुन्या वाटा बंद होत आणि त्या वाटांवर विसंबलेली प्रत्येक आज्ञावली पुन्हा लिहावी लागे.

आयबीएमच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेत काम करणारे इंग्रज गणितज्ञ एडगर कॉड यांनी जून १९७० मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात या परावलंबित्वावरच बोट ठेवले. माहितीचा वापर करणाऱ्याला ती यंत्राच्या आत कशी रचली आहे हे माहीत असण्याची गरज पडू नये, ही त्यांची मूळ मागणी होती. त्यासाठी त्यांनी गणितातील ‘संबंध’ या संकल्पनेचा आधार घेतला. सर्व माहिती ओळी आणि रकाने असलेल्या तक्त्यांत मांडायची आणि नोंद तिच्या पत्त्यावरून न ओळखता तिच्यातील मूल्यांवरून ओळखायची. प्रत्येक ओळीला वेगळेपण देणारे मूल्य म्हणजे तिची ‘किल्ली’. वरवर साध्या वाटणाऱ्या या मांडणीत मोठा बदल दडलेला होता. काय हवे ते माणसाने सांगावे, कुठून आणायचे ते यंत्राने ठरवावे, अशी नवी विभागणी तिने केली. आयबीएमचा ‘सिस्टम आर’ आणि बर्कली विद्यापीठाचा ‘इन्ग्रेस’ या प्रकल्पांनी १९७०च्या दशकात ही कल्पना प्रत्यक्षात आणून दाखवली. एसक्यूएल ही भाषा ‘सिस्टम आर’मधूनच पुढे आली. कॉड यांना १९८१ साली ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

वाचनापुरता प्रश्न सुटला, तरी लेखनाचा प्रश्न शिल्लक होता. एसक्यूएलमध्ये ‘व्ह्यू’ नावाची सोय आहे. व्ह्यू दिसतो तक्त्यासारखा, पण साधारणपणे त्याच्यात स्वतःचे काहीही साठवलेले नसते. खऱ्या तक्त्यांतील माहिती जोडून तो तयार होतो. समजा, एका तक्त्यात विद्यार्थी आणि त्यांचे विभाग आहेत, तर दुसऱ्यात विभाग आणि त्यांचे प्रमुख. दोन्ही जोडणाऱ्या व्ह्यूमध्ये प्रत्येक विद्यार्थ्यासमोर त्याच्या विभागप्रमुखाचे नाव दिसेल. आता कोणी एका विद्यार्थ्यासमोरील प्रमुखाचे नाव बदलून जतन केले, तर बदल कोणत्या तक्त्यात करायचा? विद्यार्थ्याने विभाग बदलला असे मानायचे, की विभागालाच नवा प्रमुख मिळाला असे मानायचे? त्या एका ओळीपुरते दोन्ही बदल सारखेच दिसतात. प्रत्यक्षात दुसऱ्या पर्यायाने त्या विभागातील प्रत्येक विद्यार्थ्याची ओळ बदलते.

मूळचे भारतीय असलेले उमेश्वर दयाल आणि त्यांचे सहकारी फिलिप बर्नस्टीन यांनी १९८२ साली प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात या प्रश्नाचा काटेकोर विचार केला. व्ह्यूवर केलेला बदल मूळ तक्त्यांवर नेमका कोणत्या अटींखाली उतरवता येतो आणि कुठे तो संदिग्ध ठरतो, याची मांडणी त्यांनी केली. आजही डेटाबेस प्रणाली साध्या व्ह्यूवरील बदलच आपणहून स्वीकारतात. गुंतागुंतीच्या व्ह्यूसाठी नोंद कोणत्या तक्त्यात न्यायची हे माणसाला स्पष्टपणे लिहून द्यावे लागते. यंत्राला जागा शोधता येते. बदलामागचा हेतू त्याला ओळखता येत नाही.

याच दशकात भारतीय रेल्वेपुढे हा प्रश्न फार मोठ्या प्रमाणावर उभा राहिला. १९८५-८६ मध्ये नवी दिल्लीत संगणकीय आरक्षण सुरू झाले आणि त्यानंतर मुंबई, कोलकाता, चेन्नई व सिकंदराबाद येथेही केंद्रे उभी राहिली. वहीच्या मानाने हे मोठेच पाऊल होते. तरीही प्रत्येक केंद्राकडे आपापल्या गाड्यांच्याच नोंदी असल्याने वहीची जुनी मर्यादा एका अर्थाने कायम राहिली. वही संगणकात गेली होती, पण ती ‘त्याच शहरात’ होती.

यावर सर्व नोंदी एकाच ठिकाणी आणणे हा एक उपाय होता. रेल्वेच्या ‘क्रिस’ या संस्थेने वेगळा मार्ग निवडला. ‘कॉन्सर्ट’ या प्रणालीत पाचही केंद्रांचे डेटाबेस आपापल्या जागी राहिले आणि खिडकीवरून आलेली मागणी ज्या केंद्राकडे त्या गाडीची नोंद आहे तिथे पोहोचवण्याचे काम मधल्या स्तरावरील आज्ञावलीकडे सोपवले गेले. १९९९ पर्यंत पाचही केंद्रे जोडली गेली आणि देशातील कोणत्याही आरक्षण खिडकीवरून कोणत्याही गाडीचे तिकीट काढणे शक्य झाले. खिडकीवरील कर्मचाऱ्याला नोंद कोणत्या शहरात उमटते हे जाणून घेण्याची गरज उरली नाही. कॉड यांनी कागदावर मागितलेले स्वातंत्र्य लाखो प्रवाशांच्या रोजच्या व्यवहारात उतरले. ऑगस्ट २००२ मध्ये इंटरनेटवर तिकीटविक्री सुरू झाली, तेव्हा ती याच पायावर उभी होती.

नोंद दूरच्या ठिकाणी लिहायची म्हटली की आणखी एक जोखीम येते: अर्धे काम होऊन संपर्क तुटला तर? पैसे घेतले गेले आणि आसन मिळालेच नाही, असे होता कामा नये. यावरील उपाय जिम ग्रे आदींनी १९७०च्या दशकात मांडला होता. आधी सर्व सहभागी डेटाबेसना तयारी विचारायची आणि सगळ्यांचा होकार आल्यावरच बदल पक्का करायचा. एकानेही नकार दिला तर सर्वांनी मागे यायचे. यंत्र मध्येच बंद पडले तर पूर्वस्थिती कशी मिळवायची, याची अत्यंत प्रभावी पद्धत आयआयटी मद्रासचे पदवीधर सी. मोहन यांनी आयबीएममधील सहकाऱ्यांसह १९९२ साली प्रसिद्ध केली. ‘एरीज’ या नावाने ती ओळखली जाते. प्रत्यक्ष माहितीत बदल उतरण्यापूर्वी त्याची नोंद रोजनिशीत झालीच पाहिजे, हे तत्त्व तिच्या मुळाशी आहे.

डेटाबेसच्या बाजूने इतकी प्रगती झाली, तरी आज्ञावलीच्या बाजूने एक दरी राहिली. आधुनिक आज्ञावली वस्तूंच्या भाषेत विचार करते, डेटाबेस ओळींच्या. दोहोंमधील भाषांतर प्रत्येकाला हाताने लिहावे लागे. मार्टिन फाउलर यांनी २००२ साली अशा भाषांतराच्या पद्धती ग्रंथरूपाने संकलित केल्या. त्यांतील ‘अॅक्टिव्ह रेकॉर्ड’ या पद्धतीत एक वर्ग म्हणजे एक तक्ता आणि एक वस्तू म्हणजे एक ओळ; वस्तूला स्वतःलाच जतन होता येते. २००४ साली डेन्मार्कचे डेव्हिड हाइनमायर हॅन्सन यांनी प्रसिद्ध केलेल्या ‘रुबी ऑन रेल्स’ने ही पद्धत घराघरांत नेली.

रेल्सने त्यात एका संकेताची भर घातली. वर्गाच्या नावाचे अनेकवचन म्हणजे तक्त्याचे नाव. ‘पर्सन’ या वर्गाची नोंद ‘पीपल’ या तक्त्यात जाते, हे कुठेही लिहावे लागत नाही. इंग्रजीचे व्याकरणच इथे पत्ता ठरवते. रोमन लिपीत ‘गाव’ असे वर्गनाम दिले तर त्यालाही बापडे इंग्रजी अनेकवचन चिकटते! अमेरिकेतील कॅन्सस राज्यातील एका वृत्तपत्राच्या कार्यालयात जन्मलेल्या आणि २००५ साली खुल्या झालेल्या ‘जँगो’ने अनेकवचनाच्या फंदात न पडता अॅप्लिकेशनचे आणि वर्गाचे नाव जोडून तक्त्याचे नाव केले. दोन्हींनी संकेत मोडण्याची मुभाही ठेवली. वर्गात एक ओळ लिहून तक्त्याचे नाव स्पष्ट सांगितले की नोंद तिथे जाते. या एका ओळीचे मोल जुन्या संस्थांत कळते. तिथे तक्ते फ्रेमवर्कच्या जन्माआधीचे असतात आणि त्यांची नावे कोणत्याच संकेतात बसत नाहीत.

मे २०१० मध्ये आलेल्या जँगोच्या १.२ या आवृत्तीने एकाच आज्ञावलीतून अनेक डेटाबेस वापरण्याची सोय दिली. वाचन कुठून आणि लेखन कुठे, हे ठरवणारा ‘राउटर’ त्यात आला. परंतु या सोयीबरोबर एक धोकाही आला आणि जँगोचे अधिकृत दस्तऐवज त्याविषयी स्पष्ट इशारा देतात. एका डेटाबेसमध्ये जतन झालेल्या वस्तूला किल्ली मिळते, समजा १७. हीच वस्तू मग दुसऱ्या डेटाबेसमध्ये जतन केली, तर ती आपली १७ ही किल्ली सोबत घेऊन जाते. तिथे १७ क्रमांकाची वेगळीच नोंद आधीपासून असेल, तर ती पुसली जाऊन तिच्या जागी नवी नोंद बसते. कोणतीही त्रुटी दाखवली जात नाही. फ्रेमवर्कच्या दृष्टीने काहीच चुकलेले नसते; किल्ली सारखी, म्हणजे नोंद तीच, असा त्याचा सरळ तर्क असतो.

टाळण्याचे मार्ग दोन आहेत. जतन करण्यापूर्वी किल्ली रिकामी करायची, म्हणजे नव्या ठिकाणी नवा क्रमांक मिळतो; किंवा केवळ नवी ओळ घालण्याचा आग्रह धरायचा, म्हणजे क्रमांक आधीच व्यापलेला असल्यास त्रुटी समोर येते. पहिल्या मार्गाला स्वतःची किंमत आहे. इतर तक्त्यांनी ‘१७’ म्हणून ज्या नोंदीकडे बोट दाखवले होते, ती नव्या ठिकाणी वेगळ्या क्रमांकाने राहते आणि ते दुवे सोबत दुरुस्त केले नाहीत तर चुकीच्या नोंदीकडे वळतात. दोन्ही मार्गांत मूळ नोंद पहिल्या डेटाबेसमध्ये तशीच राहते, हेही विसरून चालत नाही. हलवणे म्हणजे नवी प्रत करणे आणि जुनी काढणे. त्या दोन क्रियांच्या मध्ये काही बिघडले तर नोंद दोनदा उरते, आणि क्रम उलटा ठेवला तर एकदाही उरत नाही.

विज्ञानाच्या दृष्टीने ही बाब विशेष गंभीर आहे. भारतीय हवामान विभागाची स्थापना १८७५ सालची. एवढ्या जुन्या परंपरेतील निरीक्षणे वहीतून छिद्रपत्रांवर, तिथून चुंबकीय फितींवर आणि डेटाबेसमध्ये अशी माध्यमे बदलत आजवर पोहोचतात. आज्ञावल्या दहा-वीस वर्षांत कालबाह्य होतात. निरीक्षणे मात्र पुढच्या शतकातील अभ्यासकालाही लागणार असतात. एखाद्या स्थलांतरात एका केंद्राच्या पर्जन्यमानावर दुसऱ्या केंद्राची नोंद बसली, तर तक्ता भरलेलाच दिसेल, सरासरीही निघेल आणि चूक कदाचित कधीच लक्षात येणार नाही. हरवलेली नोंद निदान रिकामी जागा मागे ठेवते, चुकीच्या जागी बसलेली नोंद तेवढाही मागमूस ठेवत नाही.

म्हणूनच कॉड यांच्या विचाराचा दुसरा भाग विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवण्यासारखा आहे. नोंदीची ओळख तिच्या जागेवरून ठरू नये, ती नोंदीतील अर्थपूर्ण मूल्यांवरून ठरावी. आपोआप मिळालेला क्रमांक ही त्या तक्त्यापुरती सोय असते. केंद्राचे नाव, तारीख, वेळ आणि उपकरण यांची जोडी ही त्या निरीक्षणाची खरी ओळख. ती ओळख तक्त्यातच अनन्य म्हणून नोंदवून ठेवली, तर एकच निरीक्षण दोनदा शिरू पाहताच डेटाबेस ते अडवतो, आणि स्थलांतरानंतर दोन्ही ठिकाणच्या नोंदी या ओळखीवरून जुळवून पाहिल्या की कोणती गहाळ झाली किंवा पुसली गेली हे उघड होते. वेगळ्या तक्त्यात जतन करण्याची आज्ञा एका ओळीत लिहिता येते, पण ती लिहिण्यापूर्वी त्या नोंदीला नोंदपण कशामुळे मिळाले, याचे उत्तर हाताशी असले पाहिजे.