ऑलमोस्ट शंकरा

ऑलमोस्ट शंकरा : जॉर्ज हॅरिसन (१९४३–२००१) यांच्या ‘वंडरवॉल म्युझिक’ (१९६८) या ध्वनिमुद्रिकेच्या मुंबई सत्रातील शिल्लक राहिलेली वाद्यरचना. मुद्रण जानेवारी १९६८, एच. एम. व्ही. स्टुडिओ, फोर्ट, मुंबई. प्रथम प्रकाशन सप्टेंबर २०१४. अवधी सुमारे पाच मिनिटे. गायन नाही. बीटल्सच्या अप्रकाशित गाण्यांत तिची गणना करणे योग्य नाही. ती गाणे नाही, आणि हॅरिसन वगळता बीटल्सपैकी कोणीही त्या सत्राला हजर नव्हते. स्वतः हॅरिसन यांची भूमिकाही संयोजक व निर्मात्याची होती. वाजवणारे सगळे इथले.

पार्श्वभूमी : जो मॅसॉट यांनी १९६७ च्या उत्तरार्धात ‘वंडरवॉल’ या आपल्या चित्रपटाचे संगीत हॅरिसन यांच्याकडे सोपवले. भिंतीच्या भोकातून शेजारच्या तरुणीचे आयुष्य न्याहाळणारा एक एकलकोंडा शास्त्रज्ञ (जॅक मॅकगौरन) आणि ती तरुणी (जेन बर्किन) अशी कथा आहे. संवाद अगदी थोडे असल्यामुळे पार्श्वसंगीताला भरपूर वाव होता. हॅरिसन यांनी दृश्यांचा अवधी स्टॉपवॉचवर मोजून त्या मापाने तुकडे बसवले. पाश्चात्त्य वाद्यांचा भाग नोव्हेंबर १९६७ पासून लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत मुद्रित होऊ लागला होता. त्यात रविशंकर यांच्याकडे शिकलेले पियानोवादक जॉन बारहॅम यांचे साहाय्य होते. एरिक क्लॅप्टन, रिंगो स्टार वगैरेंचा सहभागही याच भागात आहे. त्याविषयी इंग्रजीत विपुल लेखन उपलब्ध असल्याने येथे पुनरुक्ती केलेली नाही.

मुंबई सत्र : हॅरिसन ७ जानेवारी १९६८ रोजी मुंबईस निघाले. शहर त्यांना नवे नव्हते. १९६६ च्या सप्टेंबरात ते रविशंकर यांच्याकडे सतार शिकण्यासाठी येथे येऊन राहिले होते, आणि रविशंकरांचे शिष्य शंभू दास यांनीही त्यांना तेव्हा धडे दिले होते. १९६८ मध्ये वादक जमवण्याच्या कामात शंभू दास यांचा मोठा वाटा होता.

एच. एम. व्ही.चा स्टुडिओ सर फिरोजशहा मेहता मार्गावरील युनिव्हर्सल इन्शुरन्स इमारतीत, कार्यालयांच्या वर होता. भिंती ध्वनिरोधक नव्हत्या. खालून जाणाऱ्या टॅक्सींचा आवाज काही तुकड्यांत कान देऊन ऐकल्यास आजही सापडतो, असे हॅरिसन यांनी सांगितले आहे. संध्याकाळी साडेपाचला कार्यालये सुटली की जिना उतरणाऱ्या पावलांचा गलका सुरू होई आणि मुद्रण थांबवावे लागे. फोर्टात ज्यांनी नोकरी केली आहे त्यांना हा गलका वेगळा समजावून सांगायला नको.

स्टुडिओत तेव्हा फक्त मोनो यंत्र होते. कंपनीचे भास्कर मेनन (१९३४–२०२१) यांनी दोन पट्ट्यांचे स्टिरिओ यंत्र कलकत्त्याहून रेल्वेने आणवले. हेच मेनन पुढे अमेरिकेत कॅपिटल रेकॉर्ड्सचे आणि नंतर ई. एम. आय.च्या जगभरच्या संगीतव्यवसायाचे प्रमुख झाले. दोनच पट्ट्या असल्यामुळे वादकांना एकत्र बसवून, तोल खोलीतच साधून वाजवून घेणे भाग होते. मुंबईच्या चित्रपटसृष्टीतील वादकांना ही रीत अंगवळणी पडलेली होती. थोड्या दिवसांत एवढे काम उरकले, त्याचे श्रेय प्रस्तुत नोंदकाराच्या मते या सवयीलाच अधिक आहे. एके ठिकाणी मात्र रीत मोडली : ‘लव्ह सीन’ या तुकड्यात आशिष खाँ यांनी आपल्याच सरोदवर दुसरा सरोद वाजवून स्वतःशीच जुगलबंदी केली.

खर्चाबाबत चित्रपटाने ६०० पौंड दिले आणि हॅरिसन यांचे १५,००० पौंडांच्या घरात गेले, असे सांगितले जाते.

राग : शंकरा हा बिलावल थाटाचा राग. मध्यम वर्ज्य, आरोहात ऋषभही वर्ज्य. वादी गंधार, संवादी निषाद (प्रचलित मत). गानसमय रात्रीचा दुसरा प्रहर. प्रकृती जोरकस, उत्तरांगप्रधान. निषाद-धैवताची तार षड्जाकडे झेप आणि तेथून पंचमावर, पुढे गंधारावर उतरणे हे त्याचे ओळखीचे वळण. शीर्षकातच ‘जवळजवळ’ म्हटलेले असल्याने रागशुद्धीच्या कसोटीवर ही रचना घासून पाहण्यात अर्थ नाही. मूळ ध्वनिमुद्रिकेतील ‘गत किरवाणी’ या तुकड्याला मात्र असा कोणताही शब्द जोडलेला नाही.

वादक : कोणती रचना कोणी वाजवली याचा हिशेब १९६८ च्या पाकिटावर दिलेला नाही. भारतीय वादकांची नामावली संपूर्ण मुंबई सत्रासाठी एकत्रच येते. तीनुसार व नंतरच्या याद्यांनुसार : सरोद – आशिष खाँ (१९३९–२०२४, अली अकबर खाँ यांचे पुत्र, अल्लाउद्दीन खाँ यांचे नातू), तबला व पखवाज – महापुरुष मिश्र, सतार – शंभू दास, इंद्रनील भट्टाचार्य, संतूर – शिवकुमार शर्मा (१९३८–२०२२), बासरी – हरिप्रसाद चौरसिया (जन्म १९३८), तारशहनाई – विनायक व्होरा, सूरबहार – चंद्रशेखर नारिंग्रेकर, शहनाई – शरद कुमार, हनुमान ‘जादेव’, हार्मोनियम व तबलातरंग – रिजराम देसाद.

वर्णांतराने या मंडळींची बरीच परवड केलेली आहे. शिवकुमारांचे आडनावही त्यातून सुटले नाही. ‘जादेव’ हे जाधव असावेत. सूरबहारवादकाचे पाकिटावर नुसते ‘चंद्रशेखर’ राहिले आणि नारिंग्रेकर हे आडनाव नंतरच्या याद्यांतून जोडले गेले. आडनावावरून घराण्याचे मूळ देवगड तालुक्यातील नारिंग्र्याकडे जाते. याच सत्रात पाया मुद्रित झालेल्या ‘द इनर लाइट’ या बीटल्सच्या गाण्यातील बासरीसाठी चौरसिया यांच्याबरोबर एस. आर. केंकरे यांचेही नाव काही याद्यांत आढळते. त्या गाण्यातील बासरीचे श्रेय सरसकट एकट्या चौरसियांना देण्याची प्रथा आहे. ती सोयीची असली तरी सावधपणे घ्यावी.

शर्मा आणि चौरसिया तेव्हा तिशीच्या उंबरठ्यावर होते. ब्रिजभूषण काबरा यांच्यासह त्यांनी केलेली ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही ध्वनिमुद्रिका एच. एम. व्ही.चीच, याच सुमाराची. तिची कीर्ती पुढे देशोदेशी गेली. रविशंकर यांच्या ‘म्युझिक फेस्टिव्हल फ्रॉम इंडिया’ या ताफ्याला हॅरिसन यांनी १९७४ मध्ये युरोपात नेले, तेव्हा त्यात शर्मा, चौरसिया आणि देसाद हे मुंबई सत्रातले तिघेही होते. २३ सप्टेंबर १९७४ रोजी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये या दौऱ्याचा आरंभ झाला. शंभू दास पुढे कॅनडात स्थायिक झाले.

वगळणूक : मूळ ध्वनिमुद्रिकेत एकोणीस तुकडे असून त्यांतील भारतीय वाद्यांचे बहुतेक मिनिट-दोन मिनिटांचे आहेत. पाच मिनिटांच्या रागाधारित रचनेला त्या मांडणीत जागा मिळणे कठीण होते. चित्रपटातही ती घेतली गेली नाही.

त्याच सत्रांतील इतर शिल्लक : सर्वांत प्रसिद्ध शिल्लक ‘द इनर लाइट’ हीच होय. चित्रपटाचे काम आटोपत आल्यावर, १२ जानेवारी रोजी, हॅरिसन यांनी याच वादकांकडून तिचा वाद्यभाग वाजवून घेतला. शब्द ‘ताओ ते चिंग’वर आधारलेले. केंब्रिज येथील संस्कृतचे अध्यापक हुआन मास्कारो यांनी ते हॅरिसन यांना सुचवले होते. गायन ६ फेब्रुवारीस ॲबी रोडला झाले, आणि १५ मार्च १९६८ रोजी ‘लेडी मॅडोना’च्या मागील बाजूस ते बीटल्सच्या नावाने बाहेर पडले. हॅरिसन यांचे गाणे बीटल्सच्या सिंगलवर येण्याची ही पहिली वेळ. बीटल्सच्या स्टुडिओतील प्रकाशित गाण्यांपैकी ज्याचा पाया आशियात मुद्रित झाला, असे हे एकमेव.

लंडनच्या बाजूने उरलेले ‘इन द फर्स्ट प्लेस’ हे रेमो फोर या लिव्हरपूलच्या बँडचे गाणे. कॉलिन मॅनली व टोनी ॲश्टन यांची रचना, निर्मिती हॅरिसन. दिग्दर्शकाला केवळ वाद्यसंगीत हवे आहे अशा समजुतीने हॅरिसन यांनी ते तेव्हा पुढेच केले नाही. १९९० च्या दशकाच्या अखेरीस मॅसॉट चित्रपटाची नवी प्रत तयार करत असताना ते फितींत सापडले आणि १९९९ मध्ये प्रकाशित झाले. दोन्ही शिल्लक गाण्यांत शब्द होते. बाहेर पडायला सर्वांत जास्त वेळ लागला तो बिनशब्दांच्या रचनेला.



प्रकाशन : ‘वंडरवॉल म्युझिक’ ब्रिटनमध्ये १ नोव्हेंबर १९६८ रोजी निघाली. ॲपल कंपनीची ती पहिली लाँग-प्ले तबकडी, आणि बीटल्सपैकी कोणाच्याही नावावरची पहिली स्वतंत्र ध्वनिमुद्रिका. १९९२ मध्ये ती सीडीवर आली. त्या आवृत्तीत प्रस्तुत रचना नाही. सप्टेंबर २०१४ मध्ये ‘द ॲपल इयर्स १९६८–७५’ या संचात जी सुधारित आवृत्ती आली, तिच्या अखेरीस तीन जादा तुकडे आहेत : ‘इन द फर्स्ट प्लेस’, ‘ऑलमोस्ट शंकरा’ आणि ‘द इनर लाइट’चा पर्यायी वाद्यभाग. ‘द इनर लाइट’चा आणखी एक वाद्यभाग २०१८ मध्ये बीटल्सच्या ‘व्हाइट अल्बम’च्या पन्नाशीनिमित्तच्या संचात समाविष्ट झाला.