स्पीड भरपूर, मग कॉल का अडकतो? इंटरनेटच्या तुंबलेल्या रांगेचा इतिहास

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा या भागाचा लेखी मजकूर.

तुम्ही व्हिडिओ कॉलवर आहात. घरात दुसऱ्या कुणीतरी फोटोंचा बॅकअप सुरू केला आणि तुमचा आवाज तुटायला लागला. स्पीड टेस्टचा आकडा मात्र झकास! मग गडबड कुठे आहे? या प्रश्नाचं उत्तर शोधायला मोठमोठ्या लोकांनाही बरीच वर्षं लागली.

सुरुवात करू ऑक्टोबर १९८६ पासून. कॅलिफोर्नियातली लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि शेजारचं बर्कली विद्यापीठ यांच्यात अंतर होतं जेमतेम ४०० यार्ड. त्यांच्यातल्या जोडणीचा वेग सेकंदाला ३२ हजार बिट्सवरून थेट ४० बिट्सवर घसरला. तार तुटलेली नव्हती. सगळे संगणक एकाच वेळी पॅकेट्स ओतत होते आणि हरवलेली पॅकेट्स पुन्हा पुन्हा पाठवत होते. म्हणजे गर्दीत आणखी गर्दी!

व्हॅन जेकबसन आणि माइक कॅरल्स यांनी यावर उपाय शोधला. पॅकेट हरवलं तर समजायचं की पुढे कोंडी आहे, आणि आपला वेग कमी करायचा. १९८८ साली जेकबसनचा यावरचा शोधनिबंध आला आणि टीसीपी सावरलं. रस्त्यात कुठल्या टप्प्यावर काय होतंय हे दाखवणारं ट्रेसराउट हे साधनही जेकबसनचंच. त्याआधी, १९८३ साली, माइक म्यूसने पिंग लिहिलं होतं. पाणबुडीच्या सोनारचा आवाज तसा येतो, म्हणून नाव पिंग. आजही नेटवर्क बिघडलं की पहिला हात याच दोघांवर जातो.

पण या उपायात एक मेख होती. पॅकेट वेळेवर गळलं, तरच पाठवणाऱ्याला इशारा मिळतो. पुढे मेमरी स्वस्त झाली आणि मोडेम, राउटर बनवणाऱ्यांनी आत मोठमोठे बफर टाकले. हेतू चांगला होता, की एकही पॅकेट वाया जाऊ नये. झालं उलटंच. पॅकेट गळेना, म्हणून इशारा मिळेना, म्हणून वेग कमी होईना, आणि रांग वाढतच गेली. तुमच्या कॉलचं इवलंसं पॅकेट बॅकअपच्या शेकडो पॅकेट्सच्या मागे उभं. तिकीट खिडकीवर एकाच माणसाने अख्ख्या वऱ्हाडाची तिकिटं काढावीत, आणि आपल्याला फक्त एकच हवं असावं, तसं!

२०१० मध्ये जिम गेटिसला हे स्वतःच्या घरी सापडलं. घरून मोठ्या फाइल्स पाठवताना पिंगचा वेळ एक सेकंदाच्याही वर जात होता. त्याने या दुखण्याला नाव दिलं: बफरब्लोट, म्हणजे फुगलेले बफर. रिकाम्या लाइनवर पिंग छान येतं, म्हणूनच हा दोष इतकी वर्षं लपून राहिला.

लिनक्समध्ये वाहतूक आवरायला टीसी नावाची आज्ञा आधीपासून होती. पण तिच्या सेटिंग्ज हाताने जुळवता जुळवता भले भले थकत. २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि तोच व्हॅन जेकबसन यांनी कोडेल आणलं. रांग किती लांब आहे हे न बघता, पॅकेट रांगेत किती वेळ थांबलं हे ते बघतं. ५ मिलिसेकंदांहून जास्त ताटकळणं १०० मिलिसेकंदभर टिकलं, की ते पॅकेट टाकायला लागतं. एरिक डुमाझेने त्याला प्रत्येक प्रवाहाच्या वेगळ्या रांगेची जोड दिली आणि एफक्यू-कोडेल त्याच वर्षी लिनक्स ३.५ मध्ये आलं. २०१८ मध्ये लिनक्स ४.१९ सोबत केक नावाची पुढची पायरी आली.

या सगळ्यामागे डेव्ह टॅटची धडपड होती. सेरोडब्ल्यूआरटी या प्रकल्पात तो आणि जगभरचे स्वयंसेवक साध्या घरगुती राउटरवर प्रयोग करायचे. जमलेल्या दुरुस्त्या ओपनडब्ल्यूआरटी आणि लिनक्सला मोफत दिल्या जायच्या. एप्रिल २०२५ मध्ये डेव्ह गेला. त्याचं काम मात्र असंख्य यंत्रांत रोज चालू आहे.

आता तुमच्या कामाचं. आधी लाइन रिकामी असताना पिंग बघा, मग मोठी फाइल अपलोड करत असताना बघा. २० चे ५०० मिलिसेकंद झाले, तर दोष रांगेचा आहे. अशा वेळी जास्त स्पीडचा प्लॅन घेऊनही दुखणं जाईलच असं नाही. राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी चालत असेल तर केक सुरू करा आणि मर्यादा लाइनच्या खऱ्या वेगापेक्षा थोडी खाली, साधारण ९० टक्क्यांवर ठेवा. असं का? कारण रांग मोडेममध्ये साचली तर तिच्यावर आपला ताबा नसतो. ती आपल्या राउटरमध्ये थांबली, तरच तिला शिस्त लावता येते.

थोडा वेग सोडायचा आणि कॉल वाचवायचा. मंडळी, सौदा वाईट नाही! भेटू पुढच्या भागात.